घरच्या खाटेजवळ: खासगी बालपरिचर्येची प्रस्तावना

आजारी किंवा दीर्घकाळ यंत्राच्या आधाराने जगणाऱ्या मुलाची शुश्रूषा जेव्हा त्याच्या राहत्या घरी, आणि तीही त्या एकाच मुलासाठी नेमलेल्या प्रशिक्षित परिचारिकेकडून होते, तेव्हा त्या सेवेला येथे खासगी बालपरिचर्या असे म्हटले आहे. पुण्यातील परिचारिका पुरवणाऱ्या ब्यूरोंच्या बोलीत ही सेवा ‘केस’ या शब्दाने ओळखली जाते. परिचारिकेला केस लागते, तिची बारा किंवा चोवीस तासांची ड्युटी ठरते, आणि मूल सुधारले, पुन्हा रुग्णालयात दाखल झाले किंवा कुटुंबाला खर्च पेलेनासा झाला की केस सुटते. या सेवेची गरज असलेल्या मुलांचे आजार निरनिराळे असतात. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले आणि फुप्फुसे पुरती पक्व न झाल्याने प्राणवायूसह घरी पाठवलेले बाळ, गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवलेले, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी झालेले मूल, सेरेब्रल पाल्सीमुळे गिळता येत नसल्याने नाकातून जठरापर्यंत घातलेल्या राइल्स ट्यूबवर पोसले जाणारे मूल, औषधांना न जुमानणाऱ्या आकडीचे मूल, स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजारामुळे रात्री बायपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर झोपणारे मूल, अशी ही यादी वाढवता येईल. यांपैकी बहुतेकांना डॉक्टर रोज लागत नाही. प्रशिक्षित नजर मात्र क्षणोक्षणी लागते.

या विवेचनासाठी मुळशी तालुक्यातील भूगाव डोळ्यांसमोर ठेवले आहे, त्याला कारण आहे. पौड रस्त्याने चांदणी चौक आणि बावधन मागे टाकल्यावर लागणारे हे गाव आज एकाच वेळी गावठाण आहे आणि महानगराचे उपनगरही आहे. मानस तलावाच्या परिसरात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती व बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, नोकरी करणारी जोडपी तेथे राहायला आली, आणि त्यांच्याबरोबर शहरी रुग्णालयांतून घरी सोडलेली नाजूक प्रकृतीची मुलेही आली. बालअतिदक्षता विभाग असलेली मोठी रुग्णालये मुख्यतः कोथरूड-एरंडवण्याच्या बाजूला आणि पुढे शहरात आहेत, शासनाचे ग्रामीण रुग्णालय उलट दिशेला पौडला आहे, आणि लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचे रुग्णालय झाले असले तरी प्रत्येक मुलाचे उपचार तेथे सुरू असतात असे नाही. २०२३ मध्ये चांदणी चौकातील नवे पूल खुले झाल्यावर तेथील कोंडी हलकी झाली, परंतु भूगावच्या वस्तीतून जाणारा रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबतो हे तेथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नकाशावर जवळ दिसणारे रुग्णालय संध्याकाळी सात वाजता किती दूर जाते, याचा विचार ज्या परिचारिकेने केस स्वीकारतानाच केलेला नाही, तिची तयारी अपुरी आहे असेच म्हणावे लागते.

येथे या विषयाच्या गाभ्याशी यावे लागते. रुग्णालयातील परिचारिका कितीही कामात बुडालेली असली तरी एकटी नसते. शेजारच्या खाटेजवळ दुसरी परिचारिका असते, वॉर्डची इन्चार्ज असते, निवासी डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, भिंतीतून प्राणवायू येतो, वीज गेली तर जनित्र आपोआप सुरू होते, आणि औषधाची मात्रा चुकली तर ती पकडणारी आणखी दोन माणसे वाटेत उभी असतात. भूगावच्या सदनिकेत रात्री दोन वाजता यांपैकी काहीही नसते. तेथे व्यवस्था नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते. ती परिचारिकेने पहिल्या दोन-तीन दिवसांत, कुटुंबाच्या साहाय्याने आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनांच्या आधारे, स्वतः उभी करायची असते. नव्या परिचारिकेला द्यावयाचा जवळजवळ प्रत्येक सल्ला, मग तो औषधाचा असो, कराराचा असो वा पुढील नोकरीचा असो, या एकाकीपणातून निघतो.

घर हे उपचाराचे ठिकाण होऊ शकते, हे महाराष्ट्राला नव्याने सिद्ध करायचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा क्षेत्रीय अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले, त्या बाळाचे वजन करू लागल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देऊ लागल्या, जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने हीच कल्पना देशभर नेली आणि आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी देण्याची पद्धत सुरू झाली. गडचिरोलीच्या या प्रयोगातून खासगी परिचारिकेने घ्यायचा धडा मृत्युदराच्या आकड्यापेक्षा त्यामागच्या रचनेत आहे. आरोग्यदूताकडे लिहून ठेवलेली कार्यपद्धती होती, प्रत्येक बाळाची नोंदवही होती, आणि ठरावीक अंतराने येऊन ती नोंद तपासणारा पर्यवेक्षक होता. अधिक शिकलेल्या, अधिक वेतन घेणाऱ्या खासगी परिचारिकेला मात्र बहुधा यांतील काहीच मिळत नाही, आणि ही उणीव कोणाला फारशी खटकतही नाही, हे खेदाने नोंदवले पाहिजे.

अमेरिकेत या सेवेला जी चालना मिळाली ती पैशाच्या प्रश्नातून मिळाली. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही १९७८ साली जन्मलेली मुलगी मेंदूज्वरानंतर श्वसनयंत्रावर अवलंबून राहिली. सरकारी विमा तिचा खर्च रुग्णालयात असेपर्यंतच उचलत होता, घरी नेले तर नाही, घरची शुश्रूषा स्वस्त असूनही. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हे उदाहरण जाहीरपणे मांडल्यावर नियम शिथिल झाले, आणि अशा मुलांना घरी परिचारिका मिळण्याची वाट मोकळी झाली. भारतात तसे काही झालेले नाही. आरोग्य विम्यातील ‘घरगुती उपचार’ हे कलम रुग्णालयात दाखल करण्याजोग्या आजारावर काही काळ घरी होणाऱ्या उपचारांपुरते असते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या शुश्रूषेचा भार कुटुंबाच्याच खिशावर पडतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची विमायोजना आहे, आणि तिची माहिती ज्या आईला अजून कोणी दिलेली नाही तिला ती परिचारिकेने द्यावी. कुटुंब दर महिन्याला काय सोसून हे वेतन देते याची जाणीव ठेवणे आणि तरीही आपल्या श्रमाचे योग्य मोल मागणे, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता आल्या पाहिजेत.

परिचारिका कोणास म्हणावे, हेही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण घरगुती सेवेच्या बाजारात या शब्दाचा वापर फार सैल झाला आहे. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खालील परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती म्हणजे परिचारिका. देशपातळीवरील १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला, तरी नोंदणीचे महत्त्व त्याने वाढलेच आहे. कौशल्य विकासाचे काही महिन्यांचे वर्ग केलेली ‘होम हेल्थ एड’ किंवा ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ ही परिचारिका नव्हे, आणि अंघोळ-मालिश करणारी, बाळंतपण सांभाळणारी मावशीही नव्हे. या सर्वांचे काम मोलाचे आहे, परंतु इंजेक्शन देणे, सक्शन करणे, म्हणजे श्वासमार्गातील स्राव ओढून काढणे, किंवा ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बदलणे हे त्यांच्या कक्षेत येत नाही. ब्यूरोने परिचारिकेच्या दरात मदतनीस पाठवल्याची किंवा मदतनीसाच्या दरात परिचारिका राबवल्याची उदाहरणे या व्यवसायाला नवी नाहीत. म्हणून नव्या परिचारिकेने केस घेण्यापूर्वी कामाची व्याप्ती लिहून मागावी: कोणत्या मुलाची, किती तास, कोणत्या उपचारांसह, स्वयंपाक, धुणीभांडी आणि घरातील इतर मुले यांची जबाबदारी कोणाची, आठवड्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी रिलीव्हर, म्हणजे बदली परिचारिका, कोण आणणार, केस अचानक सुटली तर वेतनाचे काय. आपली मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही ब्यूरोकडे ठेवायला देऊ नयेत. साक्षांकित प्रती पुरेशा असतात.

अभ्यासक्रम संपताच थेट घरच्या केसवर जाण्याचा मोह आर्थिक कारणांमुळे समजण्यासारखा आहे, कारण ब्यूरोचा पहिला पगार पुष्कळदा छोट्या रुग्णालयाच्या पगाराहून बरा असतो. तरीही बालरोग विभागात किंवा नवजात अतिदक्षता कक्षात निदान दोन वर्षे काढल्याशिवाय यंत्रावरच्या मुलाची एकटीने जबाबदारी घेऊ नये, असे येथे ठाम मत मांडावेसे वाटते. बिघडू लागलेले मूल पुस्तकातून ओळखता येत नाही; ते वॉर्डात, अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहून पुन्हापुन्हा पाहिल्यावरच ओळखू येते.

केसवरील पहिला दिवस मुलाच्या तपासणीइतकाच घराच्या तपासणीत जावा. प्राणवायूचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतील नायट्रोजन गाळून प्राणवायू पुरवणारे यंत्र, विजेवर चालते, आणि मुळशीच्या पावसाळ्यात वीज जाणे ही अपवादात्मक घटना नसते. पुष्कळ सोसायट्यांमध्ये जनित्र असते, परंतु ते लिफ्ट, जिना आणि घरातील मोजके दिवे-पंखे एवढ्यांपुरतेच असू शकते. मुलाच्या खोलीतील नेमका कोणता प्लग त्यावर चालतो हे मुख्य बटण बंद करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पर्यायी सिलिंडर किती पुरेल याचा हिशोब आधी करून तो भिंतीवर लिहून ठेवावा: सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावणारे बी प्रकारचे भरलेले सिलिंडर मिनिटाला २ लिटर दराने साधारण बारा तास टिकते, ४ लिटर दराने सहा. सक्शन यंत्राची बॅटरी, पायाने किंवा हाताने चालणारे पर्यायी सक्शन, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, आणि ट्रॅकिऑस्टॉमी असेल तर त्याच मापाची एक व त्याहून एक माप लहान अशी दुसरी नळी, फीत आणि कात्री, हे सर्व एका पिशवीत असावे आणि ती पिशवी मूल जाईल तेथे, अगदी शेजारच्या खोलीतही, सोबत जावी. नळी बंद होऊन मूल निळे पडू लागते तेव्हा कपाट उघडायलाही वेळ नसतो. १०८ क्रमांकावरून येणाऱ्या रुग्णवाहिकेला इमारत सापडावी म्हणून पत्ता, जवळची खूण आणि फाटकाची दिशा मराठीत व हिंदीत लिहून दूरध्वनीजवळ लावावी, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला या घरात असे मूल आहे याची कल्पना दिलेली असावी.

औषधांच्या बाबतीत बालपरिचर्येचा धोका प्रौढांच्या परिचर्येहून वेगळ्या जातीचा आहे, कारण मुलाची मात्रा वजनावर ठरते आणि वजन वाढत असते. सर्वांच्या घरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण पुरेसे आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागते, जे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपच्या एका चमच्यात नेमके मिळते. परंतु तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, आणि तोच चमचा त्या बाटलीतून भरला तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध जाते. ही चूक निष्काळजी माणसाकडूनच होते असे नाही; रात्रीच्या मंद प्रकाशात, एकाच कंपनीच्या एकसारख्या खोक्यांमुळे, दमलेल्या आईकडूनही होते. म्हणून लेखी आदेशात मिलिलिटरबरोबर मिलिग्रॅम आणि बाटलीवरील तीव्रता असावी, औषध चमच्याने न मोजता सिरिंजने मोजावे, दर महिन्याला वजन करून मात्रा डॉक्टरांकडून पडताळून घ्यावी, आणि फोनवर सांगितलेला बदल त्याच दिवशी संदेशाच्या रूपात लिहून मागावा. तोंडी आदेशावर दिलेल्या औषधाची जबाबदारी पुढे कोणाकडे जाते, हे सांगण्याची गरज नसावी.

निरीक्षणाबाबतही तोच शिस्तीचा आग्रह धरावा लागतो. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसत असतानाही मूल थकत चाललेले असू शकते. म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत, आणि दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास आढळले तर ते जलद समजावेत. राइल्स ट्यूब जठरातच आहे ना, हे पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकण्याच्या जुन्या पद्धतीने खात्रीने कळत नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता पट्टीने पाहणे आणि नळीवरील खुणेचे अंतर प्रत्येक दुधाआधी तपासणे अधिक विश्वासार्ह ठरते. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवून घड्याळ पाहावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलॅमचा नाकातील फवारा ठरलेल्या मात्रेत द्यावा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जी मिनिटे जातात ती त्या मुलाच्या मेंदूच्या हिशोबातून जातात.

घरातील वडीलधाऱ्यांशी येणारा संबंध याच ठिकाणी सुरू होतो आणि तो नव्या परिचारिकेला सर्वांत अवघड वाटतो. बाळगुटी, काजळ, वेखंड, न्हाऊ घातल्यावर शेगडीची ऊब आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी या गोष्टी आजीच्या दृष्टीने मायेच्या आहेत, आणि त्यांची टिंगल करणाऱ्या परिचारिकेला त्या घरात कोणी मनातले सांगणार नाही. परंतु प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत निखाऱ्याची शेगडी, निरांजन किंवा उदबत्ती असणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, आणि अपक्व फुप्फुसांना धूर सोसत नाही. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोट चाटवल्याने बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. या गोष्टी ठामपणे थांबवायच्या, मालिश किंवा अंगाई यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींत आजीला पूर्ण वाव द्यायचा, आणि धुरीला नकार देताना कारण समजावून सांगायचे, असा मार्ग बहुधा निभावतो. “आजी, हे यंत्र चालू असताना ठिणगीसुद्धा चालत नाही, मालिश मात्र तुमच्याच हातची हवी,” एवढे वाक्य आदेशापेक्षा पुष्कळ काम करते.

आईचे स्थान याहून वेगळे आहे. त्या एका मुलाच्या बाबतीत ती परिचारिकेपेक्षा अधिक जाणकार असते. कोणते रडणे भुकेचे आणि कोणते दुखण्याचे हे तिला आकड्यांशिवाय कळते. सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपून ती कामावर जाऊ लागते तेव्हा मुलाची ओढ परिचारिकेकडे वळू लागते, आणि या काळात आईच्या मनात उठणारी अस्वस्थता परिचारिकेने ओळखली पाहिजे. नळी बदलणे, सक्शन, अंबू बॅग यांत आई-वडील दोघेही तरबेज होईपर्यंत त्यांना शिकवणे हा सेवेचाच भाग समजावा. आपल्यावाचून घर अडले पाहिजे अशी इच्छा धरणारी परिचारिका मुलाला धोक्यात ठेवत असते.

बंद दाराआड एकटीने काम करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि जेथे दहापेक्षा कमी कर्मचारी असतात किंवा तक्रार खुद्द नेमणाऱ्याविरुद्ध असते तेथे जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागता येते. रात्रपाळी संपवून पौड रस्त्यावर पहाटे पीएमपीच्या बसची वाट पाहावी लागणार असेल, तर येण्याजाण्याची सोय करारातच घालावी. दुसऱ्या बाजूने, मुलाच्या अंगावर लैंगिक अत्याचाराची चिन्हे दिसली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. घरच्यांचे मीठ खाल्ले म्हणून गप्प राहणे हा तेथे गुन्हा ठरतो. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक परिचारिकेला तोंडपाठ असावा.

नोंदी ठेवण्याचा कंटाळा घरी लवकर येतो, कारण त्या वाचणारे कोणी नसते. तरीही दुधाचे प्रमाण, लघवी-शौच, श्वास, आकडीची वेळ, दिलेले औषध आणि सही असलेली वही प्रत्येक पाळीला लिहिली जावी, आणि दर महिन्याच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवली जावी; पर्यवेक्षक नसलेल्या या व्यवसायात त्याची जागा थोडीफार भरून काढणारे साधन तेवढेच आहे.

पुढील वाटचालीचा विचार पहिल्याच केसपासून करावा लागतो, कारण घरच्या सेवेत वर्षे भराभर जातात आणि हातातील कौशल्य एकाच मुलापुरते आक्रसते. आखाती देशांतील नोकरी असो वा पुण्यातील मोठे रुग्णालय, अनुभवाचे प्रमाणपत्र सहसा रुग्णालयाचेच मागितले जाते, आणि पाच वर्षे एकाच घरात उत्तम काम केलेली परिचारिका तेथे कागदावर रिकामी दिसते. यावर उपाय आहेत, फक्त ते वेळेवर करावे लागतात: परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकू न देणे, दोन वर्षांनी संपणारी मूलभूत व बाल-पुनरुज्जीवनाची प्रमाणपत्रे पुन्हा घेणे, जीएनएम असल्यास दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा नवजात परिचर्येचा एक वर्षाचा विशेष पदविका अभ्यासक्रम करणे, आणि हाताळलेल्या उपचारांची स्वतःची नोंद, मुलाचे नाव व ओळख न लिहिता, महिन्यागणिक ठेवून त्या नोंदीवर मुलाच्या बालरोगतज्ज्ञांची सही घेणे. दोन केसमधील मोकळ्या काळात एखाद्या बालरोग विभागात काही महिने काम करून येणे हा मात्र या सर्वांत सरस उपाय आहे. पगार तात्पुरता घटतो, रात्रपाळ्या वाढतात, आणि घरी विसरली गेलेली शीर शोधण्याची, एकाच वेळी चार मुलांकडे पाहण्याची सवय परत येते.

केस संपते ती नेहमी सुधारणेनेच संपते असे नाही. काही मुले शाळेत जाऊ लागतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा अधिकार दिल्याने तेथे परिचारिकेने शिक्षिकेला नळी, आकडी आणि बसण्याची रीत शिकवून बाजूला व्हायचे असते. काही मुले घरीच अखेरचा श्वास घेतात, आणि आई-वडिलांनी डॉक्टरांशी बोलून तसे ठरवलेले असू शकते. अशा केसमध्ये मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणते डॉक्टर घरी येऊन देतील हे आधीच विचारून ठेवावे, कारण तो अधिकार परिचारिकेला नाही, आणि दाखला नसेल तर त्या घटकेला कुटुंबाला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागू शकतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीकडे करायची असते, हेही घरातील एखाद्या सावध माणसाला सांगावे. वही कुटुंबाकडे सोपवावी, उरलेली नियंत्रित औषधे मोजून डॉक्टरांच्या सल्ल्याने परत करावीत, आणि ब्यूरोने दुसऱ्या दिवशीची केस देऊ केली तरी ती काही दिवस नाकारण्याची मुभा परिचारिकेने आधीच करारात मागून घेतलेली असावी.